आठ मिनिटांचा प्रश्न

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील ती संध्याकाळ. पुण्याहून निघालेली गाडी वर्ध्याला तीन तास उशिरा पोहोचली आणि तेथून हिंगणघाटला लेकीच्या घरी पाऊल ठेवेपर्यंत आजोबांच्या घड्याळात सव्वापाच वाजून गेले होते. आभाळ भरून आलेले. सूर्य कोठे आहे हे पश्चिमेकडे पाहून सांगता येण्याजोगे नव्हते. लेक देरासरात गेली होती; आठवीत शिकणाऱ्या नातीने लगबगीने ताट वाढले.

आजोबांचा चौविहार पस्तीस वर्षांचा. एरवी ते सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, हातात ठेवूनच जेवण आटोपत. त्या दिवशी तशी सोय नव्हती. पिशवीतून त्यांनी पुण्याच्या संघाचे छोटे पंचांग काढले. पुण्याचा सूर्यास्त 6 वाजून 3 मिनिटांनी. हिंगणघाटचा त्याहून 16 मिनिटे आधी. हा आकडा त्यांना तोंडपाठ होता, कारण दर वर्षी जूनच्या सुमारास ते येथे येत आणि तेव्हा तो पडताळून पाहिलेला होता. म्हणजे 5 वाजून 47 मिनिटे. ते घाईने जेवले, पाणी प्यायले आणि 5 वाजून 44 मिनिटांनी हात धुऊन उठले. तीन मिनिटे उरली म्हणून त्यांनी समाधानाने नवकार म्हटला.

नात आतून गावच्या संघाचे वेळापत्रक घेऊन आली आणि दारातच थबकली. "आजोबा, इथे सूर्यास्त पाच एकोणचाळीसला आहे."

आजोबांनी चष्मा पुसून कागद पाहिला. तारीख बरोबर होती, आकडाही स्पष्ट होता. शेवटचे दोन घास आणि अखेरचे पाणी सूर्यास्तानंतरचे ठरले होते.

ज्यांनी असे व्रत कधी पाळलेले नाही त्यांना पाच मिनिटांचे हे दुःख कदाचित अतिशयोक्त वाटेल. परंतु पस्तीस वर्षे अखंड ठेवलेला धागा तुटताना तो जाड होता की बारीक, हा प्रश्न उरत नाही. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. पुण्यास परतल्यावर महाराजसाहेबांकडे रीतसर आलोचना घ्यावयाची असे मनाशी ठरवले. दोषाचा तो भाग तेथे मिटला. मिटला नाही तो आकडा. पंचांगे खोटी नव्हती, त्यांची स्मरणशक्तीही दगा देणारी नव्हती. मग जूनमध्ये 16 मिनिटे असलेले अंतर डिसेंबरमध्ये 24 कसे झाले? दोन गावे काही हिवाळ्यात एकमेकांपासून दूर सरकत नाहीत.

उपवासाच्या दिवशी वेळ मोकळा होता. आजोबा आणि नात दोन्ही वेळापत्रके पुढ्यात घेऊन बसले. तिने वहीत रकाने आखले. त्यांनी प्रत्येक महिन्याची 21 तारीख वाचून दाखवावी आणि तिने वजाबाकी मांडावी. दुपारपर्यंत बारा महिन्यांचा तक्ता तयार झाला. डिसेंबरमध्ये सूर्यास्ताचे अंतर 24 मिनिटे, मार्चमध्ये सुमारे 20, जूनमध्ये 16, सप्टेंबरमध्ये पुन्हा 20. मग नातीनेच सुचवले की सूर्योदयही पाहावा. तेथे सारे उलट निघाले: डिसेंबरमध्ये 16, जूनमध्ये 24. कोणताही महिना घ्यावा, सकाळचे आणि संध्याकाळचे अंतर मिळून सुमारे 40 मिनिटेच भरत. वर्षानुवर्षे नवकारशी आणि चौविहार यांसाठी ज्या रकान्यांवर बोट फिरवले, त्यांत असा काही नियम दडलेला असेल, हे आजोबांच्या कधी ध्यानातही आले नव्हते.

नातीने त्याचा उलगडा विदर्भातल्या घरात डिसेंबरमध्ये हटकून सापडणाऱ्या वस्तूने केला. तिने एक संत्रे घेतले, त्याला दोन लवंगा टोचल्या, आणि विजेरीच्या उजेडात ते हळूहळू फिरवले. हिंगणघाट पुण्याच्या पूर्वेला सुमारे 5 अंश रेखांश आहे. पृथ्वीला एक अंश वळण्यास 4 मिनिटे लागतात, म्हणून 20 मिनिटांचा फरक बारमाही राहतो. परंतु हिंगणघाट पुण्याच्या उत्तरेलाही आहे, सुमारे 2 अंश. हिवाळ्यात उत्तरेकडील गावाचा दिवस अधिक लहान. पुण्याहून 8 मिनिटांनी लहान. त्यांतील 4 मिनिटे सकाळी जातात आणि 4 संध्याकाळी. म्हणून डिसेंबरच्या संध्याकाळी 20 अधिक 4, आणि सकाळी 20 वजा 4. उन्हाळ्यात तोच दिवस 8 मिनिटांनी मोठा होतो आणि चिन्हे उलटतात.

जमीन सपाट आणि सूर्य फार दूर असता, तर पुण्याला आणि हिंगणघाटला सूर्य एकाच क्षणी मावळला असता. जमीन लाटण्यासारखी केवळ पूर्व-पश्चिम वळलेली असती, तर वर्षभर वीस मिनिटांचेच अंतर राहिले असते. ऋतूप्रमाणे होणारी ही चार मिनिटांची ये-जा सांगते की ती उत्तर-दक्षिणही वळलेली आहे. आजोबांनी संत्रे हातात घेऊन पुन्हा एकदा फिरवले. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या व्रतात खंड पाडणारी मिनिटे नेमकी हीच होती.

येथे एक गोष्ट सहज आठवते. दुबईच्या बुर्ज खलिफा या उत्तुंग इमारतीत वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळतो. म्हणून 2011 साली तेथील धर्माधिकाऱ्यांनी रमझानचा रोजा सोडताना 80 व्या मजल्यावरील रहिवाशांनी दोन मिनिटे आणि 150 व्या मजल्यावरील रहिवाशांनी तीन मिनिटे अधिक थांबावे, असे सांगितले होते. उंच गेल्यावर क्षितिज खाली जाते, ते पृष्ठभाग वळलेला असतो म्हणूनच. व्रते पाळणाऱ्यांना पृथ्वीच्या आकाराशी असा मिनिटामिनिटाचा व्यवहार करावा लागतो; इतरांना तो क्वचितच करावा लागतो.

पारण्यानंतर नात त्यांना गावातील एका थडग्यापाशी घेऊन गेली. हिंगणघाट म्हणजे कापसाची बाजारपेठ, एवढीच आजोबांची समजूत. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी आयुष्य वेचलेला माणूस या गावात चिरनिद्रा घेत आहे, हे इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात त्यांना कोणी सांगितले नव्हते. विल्यम लॅम्टन हा ब्रिटिश सैन्यातील अधिकारी. 1802 मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे सुमारे बारा किलोमीटर लांबीची पायारेषा पोलादी साखळीने मोजून त्याने कामाला आरंभ केला आणि 20 जानेवारी 1823 रोजी, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, तो हिंगणघाटला वारला. तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या आसपास होते.

त्याची रीत सांगण्यास सोपी, आचरण्यास महाकठीण. एक रेषा प्रत्यक्ष मोजावयाची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यावयाचे. म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यांतील एक बाजू पुढील त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणामागून त्रिकोण गुंफीत दक्षिणेकडून उत्तरेकडे जावयाचे. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट हे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती लागले आणि मॉरिशसला जाऊन सुटले. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून ते आपटले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्टनने तंबूत बसून कित्येक आठवडे ठोकून-घासून ते पुन्हा गोल केले. हे यंत्र जंगलांतून आणि डोंगरांवरून वाहणारे खलाशी आणि मजूर मात्र बहुतांशी अनामिकच राहिले. हिंगणघाटच्या थडग्यापाशी उभे राहणाऱ्याने त्यांचीही आठवण ठेवावी.

नातीला त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश होते, हे नुकतेच शिकवले होते. शिक्षकांनी सांगितलेली ही गोष्ट कागदावर अचूक आहे. जमिनीवर मोठा त्रिकोण काढला की ती किंचित चुकते. बेरीज 180 अंशांहून थोडी अधिक भरते, आणि ही वाढ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढत जाते: साधारणतः दर 200 चौरस किलोमीटरला एक विकला. एका अंशाच्या 3600 विकला होतात, तेव्हा वाढ केवढी सूक्ष्म आहे हे ध्यानात येईल. प्रत्येक बाजू 50 किलोमीटरची असेल तर सुमारे साडेपाच विकला. सामान्य मोजणीत ती सापडणार नाही. परंतु अर्ध्या टनाचे यंत्र टेकडीवर चढवणाऱ्याला ती हिशेबात धरावीच लागते, नाहीतर पुढचे सारे त्रिकोण बिघडतात. सपाट पृष्ठभागावर ही वाढ शून्य असती. आजोबा आयुष्यभर हिशेबनीस होते. रोजमेळात पैशाची तफावत आली तर ती कोठून आली हे शोधल्यावाचून ते घरी जात नसत. सबंध देशाच्या खतावणीत प्रत्येक त्रिकोणागणिक निघणारी आणि दर वेळी एकाच बाजूची ही तफावत त्यांना फार बोलकी वाटली.

लॅम्टनला पृथ्वी गोल आहे हे सिद्ध करावयाचे नव्हते. तो वाद फार पूर्वीच मिटला होता. त्याला हवे होते ते गोलाचे नेमके रूप. फिरणारी पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आणि ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे, असे न्यूटनचे गणित; फ्रान्समधील कॅसिनीच्या मोजणीवरून नेमके उलट दिसत होते. शेवटी 1735 मध्ये फ्रेंचांनी एक तुकडी दक्षिण अमेरिकेत विषुववृत्तापाशी आणि पुढील वर्षी दुसरी उत्तरेस लॅपलंडला पाठवली. अक्षांशाचा एक अंश दोन्हीकडे मोजला तेव्हा उत्तरेचा अंश लांब भरला. न्यूटन बरोबर ठरला. आजच्या मोजणीप्रमाणे विषुववृत्तापाशी एक अंश 110.6 किलोमीटरचा, तर ध्रुवापाशी 111.7 किलोमीटरचा आहे. लॅम्टनचा कंस जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत तो सुमारे 2400 किलोमीटर झाला, आणि भारताचे नकाशे दीर्घकाळ एव्हरेस्टने 1830 मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आखले गेले. शाळेच्या पुस्तकांत पृथ्वीला संत्र्याची उपमा देतात. ती थोडी सैलच म्हणावी. 12,756 किलोमीटर व्यासात ध्रुवांकडील घट अवघी 43 किलोमीटरची आहे. आजोबांच्या हातातले संत्रे त्या मापाने चपटे असते, तर ते चपटे आहे हे बोटांना कळलेच नसते.

परतताना नातीने इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "आजोबा, मग पाठशाळेतलं जंबूद्वीपाचं चित्र?"

तिने गेल्या दिवाळीपासून पाठशाळेत जाणे सोडले होते. घरात सर्वांना वाटे की अभ्यास वाढला. खरे कारण तिने त्या दिवशी सांगितले. तिने हाच प्रश्न तेथे विचारला होता आणि उत्तर मिळाले होते, की असे प्रश्न विचारल्याने श्रद्धा पातळ होते. आजोबा रस्त्यातच थांबले. ते वाक्य त्यांना ओळखीचे होते. पुण्याच्या पाठशाळेत बावीस वर्षे शिकवताना त्यांनी स्वतः ते कितीदा उच्चारले होते. कधी थोडे सौम्य करून ते म्हणत, की आपला अनेकान्तवाद आहे, दोन्ही आपापल्या जागी खरे. मुले गप्प बसत. त्यांतील किती जण गप्प बसता बसता निघून गेली, याची मोजदाद त्यांनी केली नव्हती.

त्या रात्री त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे करून पाहिली. जुने चित्र बाजूला न सारता त्यालाच पूर्ण संधी द्यावयाची. सूर्यप्रज्ञप्तीत सूर्याची 184 मंडले सांगितली आहेत. सूर्य आतल्या मंडलातून बाहेर जातो आणि पुन्हा आत येतो, त्याप्रमाणे दिवस लहानमोठे होतात. ही केवळ कल्पना नव्हे, निरीक्षणातून आलेली मांडणी आहे, आणि वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या वेळी सूर्य दिसेनासा होणे तिच्यातही बसवता येते. तेव्हा पुण्या-हिंगणघाटच्या तक्त्याने तिचा निकाल लागत नाही, हे आजोबांनी नातीपुढे मान्य केले. निकाल कशाने लागेल, हे दोघांनी मिळून शोधावयाचे ठरले.

त्यांचा धाकटा मुलगा मेलबर्नला असतो. तेथे भर दुपारी सूर्य नेहमी उत्तरेकडे दिसतो. म्हणजे मध्यभागी मेरू आणि भोवती फिरणारा सूर्य अशी आकृती काढली, तर मेलबर्न सूर्याच्या वर्तुळाबाहेर पडते. नातीने कंपासने वर्तुळ काढले, बाहेर एक ठिपका दिला आणि त्या ठिपक्यातून मेरूच्या दिशेशी काटकोनात पश्चिमेची रेषा ओढली. सारे वर्तुळ रेषेच्या उत्तरेला राहिले. आजोबांनी पट्टी घेऊन स्वतः तीनदा आकृती काढली. सूर्य कोठेही असो, त्या गावाहून तो पश्चिमेच्या उत्तरेकडेच दिसला पाहिजे. दक्षिणेकडे मावळता येणारच नाही. मग मुलाला फोन झाला. दुसऱ्या दिवशी त्याने समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून, मोबाइलमधील होकायंत्र खऱ्या उत्तरेशी जुळवून, मावळत्या सूर्याची दिशा कळवली: पश्चिमेच्या सुमारे 30 अंश दक्षिणेला. गोल पृथ्वीच्या गणिताने मेलबर्नच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर नेमके तेवढेच यावयास हवे.

आजोबा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. सपाट चित्र त्यांच्याच हाताने काढलेले होते, आणि ते टिकले नव्हते. त्यांना चीड आली नाही. काहीसे उघडे पडल्यासारखे वाटले. कारण ही चर्चा नवी नव्हती. चाळीसगावजवळच्या पाटण्याशी ज्यांच्या घराण्याचे नाव शिलालेखाने जोडलेले आहे, त्या भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणीत सपाट पृथ्वी आणि दोन सूर्य या मतांवर आक्षेप घेतलेले आहेत. आजोबांनी ते कधीकाळी वाचले होते आणि परक्याचे मत म्हणून पान उलटले होते.

दुसरी गोष्ट त्यांना अधिक लागली, कारण ती घरातली होती. महेंद्रसूरी हे जैन मुनी. फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी असताना त्यांनी 1370 मध्ये यंत्रराज हा ग्रंथ लिहिला. नक्षत्रांचे वेध घेण्याच्या अ‍ॅस्ट्रोलेब या यंत्रावरील तो पहिला संस्कृत ग्रंथ. हे यंत्र गोल खगोलाच्या गणितावर चालते आणि निरनिराळ्या अक्षांशांसाठी त्यात निराळ्या तबकड्या घालाव्या लागतात. पुण्याची तबकडी हिंगणघाटला चालत नाही. ज्या मुनींनी हे शास्त्र परक्यांकडून आदराने घेतले आणि आपल्या भाषेत आणले, त्यांची श्रद्धा पातळ झाल्याचे कोणी म्हटलेले नाही.

मग जंबूद्वीपाचे काय? आजोबांनी नातीला जे सांगितले ते पूर्ण उत्तर आहे असा त्यांचाही दावा नव्हता. जीवाच्या भ्रमणाचा अफाट पट डोळ्यांपुढे उभा करणारे ते चित्र आहे, चिंतनासाठी आहे. गावापासून गावाचे अंतर आणि सूर्यास्ताची मिनिटे त्यावरून काढू नयेत. काही ज्येष्ठांना हे पटणार नाही, हेही त्यांनी सांगितले. आणि अनेकान्ताविषयी ते म्हणाले, "दोन्ही खरं, एवढं म्हणून मी सुटत होतो. कोणत्या नयाने खरं, हे सांगायचं मात्र टाळत होतो. नय सांगितल्याशिवाय अनेकान्त होत नाही, बेटा."

नातीने विचारले, "मग पाठशाळेत हे सांगाल?"

त्याला उत्तर देण्यास त्यांनी दोन दिवस घेतले. बावीस वर्षांच्या शिष्यांपैकी काही जण आज स्वतः शिकवतात; त्यांच्यापुढे जाऊन आपले जुने वाक्य मागे घेणे सोपे नव्हते. हिंगणघाटच्या पाठशाळेतील गुरुजींना ते एका संध्याकाळी भेटले. वादासाठी नव्हे, मुलीचा प्रश्न योग्य होता आणि तो पुन्हा विचारण्याची तिला मुभा असावी, एवढेच मागण्यासाठी. गुरुजी प्रथम संकोचले. मग त्यांनी तक्ता असलेली ती वही पाहावयास मागितली आणि दोन दिवस ठेवून घेतली. रविवारी नात पाठशाळेत गेली. आत काय झाले ते तिने लगेच सांगितले नाही, आजोबांनीही विचारले नाही.

1 जानेवारीला ते पुण्यास निघाले. तत्पूर्वी त्यांनी पंचांगाच्या आतील पानावर, पूर्वी जेथे "हिंगणघाट, 16 मिनिटे आधी" असे लिहिलेले होते, तेथे बारा महिन्यांचे बारा आकडे नातीकडून लिहून घेतले. त्या दिवशीचा हिंगणघाटचा सूर्यास्त 5 वाजून 45 मिनिटांनी होता. आजोबा पाच वाजण्यापूर्वीच ताटावरून उठले.